चार आकृतींचे गायन

एखादी लोकपरंपरा जिवंत ठेवणे म्हणजे तिचे जतन करणे, असा सर्वसाधारण समज आहे. ग्रंथ छापले, गाणी ध्वनिमुद्रित केली, म्हणजे कर्तव्य संपले असे मानले जाते. अमेरिकेच्या दक्षिण भागातील 'शेप नोट' गायनाचा इतिहास या समजुतीचा फेरविचार करावयास लावणारा आहे.

या गायनाचे मूळ दक्षिणेत नाही. अठराव्या शतकात न्यू इंग्लंडमध्ये गावोगाव फिरते गायनवर्ग भरत. शेतकरी व कारागीर यांना स्वरलिपी वाचून स्तोत्रे गाता यावीत, हा त्यांचा हेतू होता. विल्यम लिटल व विल्यम स्मिथ यांच्या 1801 मधील 'द ईझी इन्स्ट्रक्टर' या पुस्तकाने हे काम फार सोपे केले. 'फा'साठी त्रिकोण, 'सोल'साठी वर्तुळ, 'ला'साठी चौकोन आणि 'मी'साठी हिऱ्याची आकृती, अशी चार चिन्हे त्यात योजिली होती. आकृती पाहताच त्या स्वराचे आधारस्वराशी असलेले नाते कळते. स्वराची उंची मात्र गाणाऱ्यांच्या गळ्याला मानवेल तशी ठरते. कोणत्याही पट्टीत षड्ज लावणाऱ्या भारतीय वाचकास यातील मर्म सहज उमगेल.

उत्तरेत या पद्धतीस लवकरच उतरती कळा लागली. युरोपीय संगीतशास्त्र हेच प्रमाण मानणाऱ्या सुधारकांना ती अडाणी वाटली. त्यांचे अग्रणी लॉवेल मेसन यांच्या प्रयत्नाने 1838 मध्ये बोस्टनच्या सार्वजनिक शाळांत नव्या वळणाचे संगीतशिक्षण सुरू झाले. नगरांनी टाकलेली ही विद्या दक्षिणेच्या खेड्यांनी मात्र उराशी धरली. जॉर्जियातील बी. एफ. व्हाइट व ई. जे. किंग यांनी 1844 मध्ये 'द सेक्रेड हार्प' हा संग्रह प्रसिद्ध केला. तोच पुढे या परंपरेचा आधारग्रंथ ठरला.

परंतु ग्रंथापेक्षा महत्त्वाची आहे ती बैठकीची रीत. चार आवाजांचे गट चार बाजूंस, एकमेकांकडे तोंड करून बसतात. मध्ये मोकळा चौक असतो. गाऊ इच्छिणारा प्रत्येकजण आपल्या पाळीस त्या चौकात उभा राहून गीत सुचवितो व हाताने ताल देतो. प्रथम नुसत्या आकृतींची नावे गायिली जातात, मग शब्द. दुपारी घरोघरहून आणलेले अन्न सर्वजण मिळून जेवतात. दिवंगत गायकांचे स्मरण होते. येथे श्रोता असा नाहीच. चौकात उभ्या राहणाऱ्यासच चारही बाजूंचा नाद पूर्ण ऐकू येतो, आणि ते स्थान आळीपाळीने सर्वांस मिळते.

जॉर्ज पुलन जॅक्सन यांनी 1933 मधील ग्रंथाने या गायनाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. ॲलन लोमॅक्स यांनी 1942 मध्ये व पुन्हा 1959 मध्ये अलाबामात त्याचे ध्वनिमुद्रण केले. या कार्याचे मोल मोठे आहे. तथापि मुद्रिकेने श्रोते मिळतात, गाणारे नव्हे. गाणारे मिळाले ते दक्षिणेतील जुन्या गायकांनी परक्यांना शेजारी बसवून घेतले म्हणून. 1976 मध्ये न्यू इंग्लंडमध्ये अशा गायनाचे संमेलन भरले आणि ही विद्या जणू माहेरी परतली. आज ब्रिटन, जर्मनी, पोलंड येथेही हे चौक मांडले जातात.

या औदार्यालाही मर्यादा होत्या, हे विसरता येत नाही. वर्णभेदाच्या काळात कृष्णवर्णीय गायकांची संमेलने निराळी भरत. जज जॅक्सन यांनी 1934 मध्ये 'द कलर्ड सेक्रेड हार्प' हा स्वतंत्र संग्रह प्रसिद्ध केला, तो याच पार्श्वभूमीवर. सर्वांसाठी म्हणविणारा चौक सर्वांसाठी नव्हता.

आणखी एक प्रश्न उरतोच. जुन्या कुटुंबांना ही गीते म्हणजे उपासना आणि पितरांचा ठेवा. दूरच्या नवागतांपैकी अनेकांना ती केवळ संगीत म्हणून प्रिय. श्रद्धा निराळी असता परंपरा तीच राहते काय? याचे उत्तर वादाने मिळणारे नाही. पण 1991 आणि 2025 च्या आवृत्त्यांत जुन्या रचनांशेजारी हयात रचनाकारांच्या नव्या रचना आल्या, ही गोष्ट बोलकी आहे. जेथे अजून भर पडते, तेथे जीव आहे. मृतांचे स्मरण करून मोकळ्या चौकात पुढच्या गाणाऱ्यास बोलाविणे, एवढ्या साध्या नियमावर ही परंपरा टिकून आहे.