कप्तानांची पेटी

अठराव्या शतकात आणि एकोणिसाव्याच्या सुरुवातीला अमेरिकेत न्यू इंग्लंडच्या किनाऱ्यावर जहाजाच्या कप्तानाला गावात मोठा मान असे, पण तो मान त्याच्याबरोबरच बुडायचा. जहाजाचा विमा असे, मालाचा असे; कप्तानाच्या घरादाराची हमी कोणीच घेत नसे. परमुलखात ताप भरून माणूस गेला, तर बातमी घरी पोचायलाच कित्येक महिने लागत. मॅसॅच्युसेट्समधल्या सेलम बंदराचा कप्तान नॅथॅनियल हॅथॉर्न १८०८ साली सुरिनाममध्ये पीतज्वराने गेला. मागे बायको आणि तीन लहान मुलं. ती बाई मुलांना घेऊन माहेरी गेली. मधला मुलगा तेव्हा जेमतेम चार वर्षांचा होता; पुढे तो कादंबरीकार नॅथॅनियल हॉथॉर्न म्हणून जगाला माहीत झाला.

ज्यांना माहेरचा आधार नव्हता, त्यांचं काय? या प्रश्नाचं उत्तर कप्तानांनीच शोधलं. १७४२ साली बॉस्टनच्या काही कप्तानांनी 'फेलोशिप क्लब' काढला. सभासदांनी सामाईक पेटीत वर्गणी टाकायची, आणि कोणावर वेळ आली की त्या पेटीतून त्याला किंवा त्याच्या मागे राहिलेल्यांना पैसे द्यायचे. १७५४ मध्ये या मंडळाला सनद मिळाली आणि ते 'बॉस्टन मरीन सोसायटी' झालं. सेलमच्या कप्तानांनी १७६६ मध्ये आपली 'मरीन सोसायटी' स्थापली. न्यूयॉर्कच्या संस्थेला १७७० मध्ये तिसऱ्या जॉर्जच्या नावाने सनद मिळाली.

सेलमला मात्र एका पेटीवर भागलं नाही. १७९० च्या शिरगणतीत हे गाव अमेरिकेतलं सहाव्या क्रमांकाचं शहर होतं, आणि त्याची श्रीमंती पूर्वेकडच्या व्यापारावर उभी होती: सुमात्राची मिरी, कलकत्त्याचं कापड, कँटनचा चहा. जोनाथन कार्न्स या कप्तानाने सुमात्राहून थेट मिरी आणली आणि गावाचे डोळे दिपले. ऑक्टोबर १७९९ मध्ये या दूरच्या वाटांवरच्या कप्तानांनी 'ईस्ट इंडिया मरीन सोसायटी' उभी केली. सभासदत्वाची अट कडक होती. केप ऑफ गुड होप किंवा केप हॉर्नपलीकडच्या समुद्रात कप्तान म्हणून किंवा मालाचा कारभारी म्हणून गेलेल्यालाच प्रवेश. पैसेवाला व्यापारी घरबसल्या आत येऊ शकत नसे.

सोसायटीने तीन उद्देश लिहून ठेवले: दिवंगत सभासदांच्या विधवा आणि मुलांना मदत, नौकानयनाची माहिती गोळा करणं, आणि त्या दूरच्या मुलखांतल्या नैसर्गिक व माणसाच्या हातच्या वस्तूंचं संग्रहालय. वरवर पाहता हे तीन वेगळे व्याप वाटतात. पण पहिल्या दोहोंचं मूळ एकच आहे. सफरीवर निघणाऱ्या सभासदाला सोसायटी कोरी वही द्यायची. वारे, प्रवाह, खडक, बंदराच्या तोंडाशी किती खोल पाणी, हे सगळं त्यात टिपून परत आल्यावर वही जमा करायची. एका कप्तानाने नोंदवलेला खडक दुसऱ्याचं जहाज वाचवायचा. पेटी विधवांना सांभाळत होती आणि त्या वह्या बायकांना विधवा होऊ देत नव्हत्या.

या वह्या तपासण्याचं काम नॅथॅनियल बाउडिच या गणितीकडे होतं. लाकडी पिंपं करणाऱ्या कारागिराचा हा मुलगा, शाळा लवकर सुटलेला. त्या काळी जहाजाजहाजांवर वापरल्या जाणाऱ्या इंग्रजी नौकानयन ग्रंथातल्या कोष्टकांत त्याने हजारो चुका काढल्या. त्याचा स्वतःचा नौकानयन ग्रंथ १८०२ मध्ये निघाला. तत्पूर्वी सोसायटीच्या समितीने तो तपासून त्यावर पसंतीची मोहोर उठवली होती. त्या समितीत जेकब क्राउनिनशील्ड होता. १७९६ मध्ये बंगालमधून अमेरिकेत पहिला हत्ती आणणारा कप्तान तो हाच. बाउडिचचा ग्रंथ नव्या आवृत्त्यांत अमेरिकी सरकार आजही काढतं.

तिसरा उद्देश आपल्या दारापर्यंत येतो. मुंबईला कापसासाठी येणाऱ्या अमेरिकी जहाजांचा कारभार नसरवानजी माणेकजी वाडिया हे पारशी व्यापारी बघत. त्यांचं चित्र आणि त्यांचा पोशाख सेलमच्या संग्रहात पोचला. कलकत्त्याच्या बनियांचे माणसाएवढे मातीचे पुतळे आले, पालखी आली. १८०४ च्या जानेवारीतल्या वार्षिक मिरवणुकीत ती पालखी सेलमच्या रस्त्यांवरून निघाली. ती वाहणाऱ्या कृष्णवर्णीयांना जवळजवळ हिंदुस्थानी वेष चढवला होता, आणि मागून कप्तान एकेक नवलाची वस्तू हातात धरून चालत होते. ज्यांच्या खांद्यावर ती पालखी होती त्यांना सोसायटीत जागा नव्हती, हे विसरता येत नाही.

घारापुरीच्या लेण्यांतले शिल्पांचे तुकडेही त्या संग्रहात होते. मुंबईत जहाज नांगरून पडलं की होडीने घारापुरी बघून यायचं, अशी परदेशी पाहुण्यांची रीत होती. कोरीव दगडाचा एखादा तुकडा खिशात टाकताना त्यांना काही वाटत नसे. आधी पोर्तुगीजांच्या काळात त्या मूर्ती बऱ्याच फोडल्या गेल्या होत्या; उरलेलं असं तुकड्यातुकड्याने गेलं. विधवांसाठी पदरचे पैसे घालणारी ही माणसं दुसऱ्याच्या देवाबद्दल इतकी निर्धास्त कशी राहिली, याचं वाईट वाटतं.

१८२५ मध्ये सोसायटीची स्वतःची दगडी इमारत उभी राहिली. तळमजल्यावर बँक आणि विमा कंपनी, वर संग्रहालयाचा भव्य दिवाणखाना. उद्घाटनाला राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स हजर होते. पण वैभवाचे दिवस सरत आले होते. १८०७ च्या व्यापारबंदीने आणि त्यानंतरच्या युद्धाने सेलमचं कंबरडं मोडलं होतं. मोठी जहाजं बॉस्टन-न्यूयॉर्कच्या खोल बंदरांकडे वळली. नव्या सभासदांचा तोटा पडू लागला. १८६७ मध्ये जॉर्ज पीबॉडी या धनाढ्याने दिलेल्या १ लाख ४० हजार डॉलरच्या देणगीतून नवी विश्वस्त संस्था निघाली. तिने इमारत आणि संग्रह आपल्याकडे घेतला. १९९२ पासून या संग्रहालयाचं नाव 'पीबॉडी एसेक्स म्युझियम' आहे.

१७६६ ची जुनी मरीन सोसायटी तर अजूनही आहे. १९२५ मध्ये तिच्या जागेवर हॉथॉर्न हॉटेल बांधलं गेलं. जागा देताना कप्तानांनी गच्चीवर सभेची खोली मागून घेतली. ही खोली 'तारिया टोपन' या जहाजाच्या केबिनच्या धर्तीवर बांधली आहे. जहाजाचं नाव आहे कच्छहून झांझिबारला जाऊन तिथला बडा व्यापारी झालेल्या माणसाचं.