कल्हई भांड्याची आणि दाताची

आपल्या भंडाऱ्याची जुनी ओळख पितळेच्या भांड्यांची. पितळ आलं की कल्हई आलीच. भांडं तापवायचं, नवसागर टाकायचा, कथील लावून कापसाच्या बोळ्याने फिरवत न्यायचं, की भांडं आतून चांदीसारखं! कल्हई उडालेल्या भांड्यात ताक ठेवलं तर ते कळकतं, कारण पितळेतलं तांबं आंबटात उतरतं.

आज हे सांगतो आहोत ते दातांसाठी. कवळी काढता-घालता येते. पण आता जबड्याच्या हाडातच धातूचा स्क्रू बसवून त्यावर दात लावतात. तोंडात लाळ, चिंच, लिंबू, सगळंच. मग त्या धातूला कल्हई कोणती?

पूर्वी डॉक्टरांनी बरेच धातू वापरून पाहिले. पुष्कळदा हाड धातूला धरत नसे, मध्ये मऊ पडदा तयार होई आणि दात हलू लागे. १९५२ च्या सुमारास स्वीडनमध्ये ब्रोनेमार्क नावाचे डॉक्टर हाड कसं भरून येतं ते पाहत होते. त्यांनी सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियम धातूची नळी बसवली. काम झाल्यावर काढायला गेले, तर निघेना. हाड तिला घट्ट चिकटलं होतं. टायटॅनियमला हवा लागली की त्यावर आपोआप एक थर चढतो, मिलिमीटरच्या काही लाखाव्या भागाएवढा. खरवडला तरी पुन्हा येतो. म्हणजे ही कल्हई धातूच्या अंगचीच. १९६५ मध्ये त्यांनी योस्टा लार्सन या माणसाच्या जबड्यात असे स्क्रू बसवले. २००६ मध्ये लार्सन वारले, तोवर ते टिकले.

माणसाचं समाधान एवढ्यावर कुठे होतं? १९८० नंतर कंपन्यांनी हाडातलंच चुन्यासारखं खनिज वितळवून स्क्रूवर फवारलं. हाड लवकर धरू लागलं खरं, पण काही स्क्रूंवरचा तो थर पुढे सुटला. भांड्याची कल्हई उडाली तर कल्हईवाला पुन्हा येतो. जबड्यात कोण येणार? म्हणून पुढे वरून थर चढवण्यापेक्षा स्क्रूचाच पृष्ठभाग आम्लाने खरबरीत करण्याकडे ओढा वाढला. आम्हाला तो शहाणपणाचा वाटतो. हिरडीजवळच्या भागावर मात्र कधी कधी सोनेरी थर देतात. तो टायटॅनियम आणि नायट्रोजनचा, सोन्याचा नव्हे बरं! पातळ हिरडीतून करडा धातू दिसू नये म्हणून.

आपल्याकडे खर्रा आहे, कुणाकडे मिश्री. तंबाखू खाणाऱ्याच्या हिरड्या सुजतात, स्क्रूभोवतीचं हाड झिजतं, आणि तिथे कुठलीच कल्हई पुरत नाही. डॉक्टरांना तंबाखूचं आणि साखरेच्या आजाराचं आधी सांगा. हे दात महाग असतात. नागपूरला १९६८ पासून शासकीय दंत महाविद्यालय आहे, खर्चाची चौकशी तिथेही करावी. दात बसवलाच, तर स्क्रू कोणत्या कंपनीचा, किती मापाचा, हे कागदावर लिहून घ्या आणि तो कागद रेशनकार्डासोबत जपून ठेवा. दहा वर्षांनी वरचा दात तुटला, तर त्याच मापाचा जोडभाग लागतो.