युनियन असली की पगारातली दरी खरंच कमी होते का?

‘युनियनवाल्यांनी गिरण्या बंद पाडल्या’ हे वाक्य तुम्हीही कधीतरी ऐकलं असेल. पण त्याच गिरण्यांमध्ये युनियनमुळे पगाराचं गणित कसं बदललं होतं, हे फारसं सांगितलं जात नाही. कामगार संघटना आणि उत्पन्नातली विषमता यांचं नातं समजून घ्यायला गिरणगावाइतकं जवळचं उदाहरण नाही.

१९२० च्या दशकात मुंबईत एकाच कामाचा दर गिरणीगणिक वेगळा असायचा. कामावर घेणं आणि काढणं मुकादमाच्या हातात. एकट्याने जास्त पगार मागितला, तर त्याच्या जागी उभा राहणारा दुसरा माणूस गेटवर तयार असायचा. १९२८ मध्ये दीड लाखाच्या आसपास कामगार सुमारे सहा महिने संपावर गेले. पगारकपात हा मुद्दा होताच, पण दर ठरवायचे कुणी आणि कसे, हाही होता.

या लढ्यांचं फळ मिळायला पुढे बरीच वर्षं गेली. १९४७ मध्ये औद्योगिक न्यायालयाने मुंबईच्या गिरण्यांसाठी निवाडा दिला: महिन्याच्या २६ दिवसांच्या कामाला किमान ३० रुपये मूळ पगार, कामाप्रमाणे ठरलेले दर आणि वर महागाई भत्ता. युनियन विषमता कमी करते ती मुख्यतः अशी. सगळ्यात खालच्या माणसाचा पगार एका रेषेखाली जात नाही, आणि सारखं काम करणाऱ्या दोघांच्या पगारातला फरक मालकाच्या किंवा मुकादमाच्या मर्जीवर राहत नाही.

पण एक गोष्ट विसरून चालणार नाही. विणकाम खात्यात पगार चांगला मिळायचा आणि तिथे अस्पृश्य कामगारांना घेतलं जात नसे. तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागतो, मग विटाळ होतो, हे त्याचं कारण सांगितलं जाई. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांसमोर ठेवला. मालकाशी समानतेसाठी भांडणाऱ्या संघटनेला आपल्याच खात्यातली भिंत दिसत नव्हती.

दुसरी भिंत कायम आणि बदली कामगारांमधली. बदली कामगार रोज गेटवर यायचा, कुणी गैरहजर असेल तरच त्याला काम. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला, तेव्हा पगारवाढीबरोबर बदली कामगारांना कायम करा, ही मागणीही होती. शिवाय १९४६ च्या कायद्याने एकाच मान्यताप्राप्त संघटनेला वाटाघाटीचा हक्क दिला होता. तो कायदा रद्द करा, असंही संपकरी म्हणत होते. सामंतांच्या युनियनने इतर कारखान्यांमध्ये मोठी पगारवाढ मिळवली होती आणि गिरणी कामगार मागे पडले होते. म्हणजे युनियन होती, पण बोलणारी कोण हे कामगार ठरवू शकत नव्हते.

संप अधिकृतपणे कधीच मागे घेतला गेला नाही. हजारो कामगार परत कामावर गेलेच नाहीत. कापड मात्र तयार होतच राहिलं, भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांवर. तिथे मीटरवर मजुरी, संघटना कमजोर आणि कायम नोकरी जवळपास नाहीच. पगाराची रेषा ज्या गेटच्या आत होती, काम त्याच्या बाहेर गेलं.

आता तुम्ही विचाराल, याचा परिणाम मोजता येतो का? अमेरिकेत मोजला गेलाय, कारण तिथे आकडेवारी भरपूर आहे. १९५० च्या दशकात तिथे साधारण तीनपैकी एक कामगार युनियनमध्ये होता, आज दहापैकी एक. ब्रूस वेस्टर्न आणि जेक रोझेनफेल्ड या समाजशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये मांडलं, की १९७३ ते २००७ या काळात तिथे वेतनातली विषमता जितकी वाढली, त्यातला पाचवा ते तिसरा हिस्सा युनियन आटण्याशी जोडता येतो. बाकीचा हिस्सा तंत्रज्ञान, शिक्षण, आयात अशा कारणांचा.

मग युनियन फक्त आपल्याच सभासदांचं भलं करते, या आक्षेपाचं काय? तो अर्धा खरा आहे. करार थोड्याच कारखान्यांपुरता असेल, तर आतले आणि बाहेरचे यांच्यातलं अंतर वाढू शकतं. फ्रान्समध्ये युनियनचे सभासद दहा टक्क्यांच्या आसपासच आहेत, पण करार अख्ख्या उद्योगाला लागू होत असल्याने बहुतेक कामगार त्याखाली येतात. तिथे सभासद नसलेल्यालाही ठरलेला दर मिळतो. मुंबईचा दर भिवंडीच्या यंत्रमागापर्यंत कधी पोचला नाही.