एकत्र की विभक्त?

शीर्षक वाचून मी कुणाच्या घरातल्या वाटणीबद्दल लिहितोय असं समजू नका. विषय आहे अ‍ॅम्प्लिफायरचा. गाणं ऐकायची हौस असलेल्या मंडळींत एक जुना वाद आहे. सगळं एकाच पेटीत असलेला इंटिग्रेटेड अ‍ॅम्प्लिफायर घ्यावा, की प्रिअ‍ॅम्प वेगळा आणि पॉवर अ‍ॅम्प वेगळा? दुकानदार किंमत सांगतो, हौशी लोक आपलं मत ठासून सांगतात. पण मुळात ही वाटणी झालीच का, हे फारसं कुणी सांगत नाही. मास्तरकीत जन्म गेल्यामुळे मला आधी तेच विचारावंसं वाटतं.

वाटणी कशाची ते आधी पाहू. एलपीवर फिरणारी सुई जो विद्युतसंकेत देते, तो साधारण 5 मिलिव्होल्टचा असतो. 8 ओहमच्या स्पीकरला 10 वॅट द्यायचे तर जवळजवळ 9 व्होल्ट लागतात. म्हणजे संकेत सुमारे 1800 पट वाढवायचा! यातलं नाजूक काम प्रिअ‍ॅम्पचं : इवलासा संकेत सांभाळून वाढवणं, आवाज कमीजास्त करणं, खर्ज आणि तार यांचा तोल राखणं. अंगमेहनतीचं काम पॉवर अ‍ॅम्पचं : स्पीकर हलवण्याइतकी ताकद देणं.

आता चला 1947 सालच्या इंग्लंडात. डी. टी. एन. विल्यमसन यांनी ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकात 15 वॅटच्या अ‍ॅम्प्लिफायरची रचना प्रसिद्ध केली आणि हौशी लोकांनी ती घरी बसून जोडली. पुढच्याच वर्षी अमेरिकेत कोलंबियाने एलपी बाजारात आणली. हा जमाना व्हॉल्व्हचा. व्हॉल्व्ह तापायचे, आणि ट्रान्स्फॉर्मर तर पाटा-वरवंट्यासारखे जड. त्या ट्रान्स्फॉर्मरच्या शेजारी 5 मिलिव्होल्टचा संकेत ठेवला, की विजेची 50 सायकलची घरघर त्यात शिरणार आणि गाण्याबरोबर तीही 1800 पट होणार! म्हणून जड, तापणारा भाग कपाटाच्या तळाशी, आणि बटणांची छोटी पेटी हाताशी.

दुसरंही एक कारण होतं. त्या काळी प्रत्येक रेकॉर्ड कंपनी खर्ज आणि तार यांचं प्रमाण आपल्या मनाने ठरवून तबकडी कापायची. 1954 मध्ये अमेरिकेत ‘आरआयएए’चं एक प्रमाण ठरलं आणि हळूहळू सगळीकडे रुळलं. तोवर प्रिअ‍ॅम्पवर वेगवेगळ्या कंपन्यांसाठी वेगवेगळी बटणं असत.

पीटर वॉकर यांच्या हंटिंग्डनच्या कारखान्यातून 1953 मध्ये ‘क्वाड टू’ निघाला, तो याच पद्धतीचा. पॉवर अ‍ॅम्प वेगळा, कंट्रोल युनिट वेगळं. गंमत म्हणजे त्या छोट्या पेटीला वीज मोठी पेटीच पुरवायची. वेगळे राहिले तरी चूल एकच!

या विभक्तपणाचा खरा फायदा दिसला 1958 नंतर, स्टिरिओ तबकड्या आल्यावर. ज्याच्याकडे एक ‘क्वाड टू’ होता, त्याने जोडीला दुसरा आणला आणि 1959 चं ‘क्वाड 22’ हे स्टिरिओचं कंट्रोल युनिट घेतलं. जुनं काही भंगारात गेलं नाही.

मग ट्रान्झिस्टर आला. 1963 मध्ये लीक कंपनीने ‘स्टिरिओ 30’ काढला. दोन्ही बाजूंचं सगळं एका आटोपशीर पेटीत. उष्णता कमी, वजन कमी. वेगळं राहण्याची निकड संपत चालली. तरीही 1967 चे ‘क्वाड 33’ आणि ‘303’ ट्रान्झिस्टरचे असूनही वेगळेच राहिले. कारण मागे पडलं तरी रीत चालू राहते, हे आपल्याला काही नवीन नाही.

आपल्याकडे हे सगळं उशिरा पोचलं. आयातीवर निर्बंध होते. सुखवस्तू घरात रेडिओग्राम असायचा. रेडिओ, तबकडी, अ‍ॅम्प्लिफायर, स्पीकर असं अख्खं गोकुळ एका लाकडी कपाटात! तिथे वाटणीचा प्रश्नच नव्हता.

मला सगळ्यात आवडतो तो 1978 चा ‘एनएडी 3020’. एरिक एडवर्डसन यांची रचना, नावापुरते 20 वॅट, किंमत बेताची. एकाच पेटीत सगळं, पण मागच्या बाजूला धातूच्या दोन छोट्या कड्या. त्या काढल्या की प्रिअ‍ॅम्प आणि पॉवर अ‍ॅम्प सुटे! आज एकत्र राहा, उद्या गरज पडली तर मोठा पॉवर अ‍ॅम्प जोडा. 1982 मध्ये सीडी आली, तिचा संकेतच सुमारे 2 व्होल्टचा. 9 व्होल्टला पोचायला साडेचार पट पुरे. कुठे 1800 आणि कुठे साडेचार!

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे नात्यातला एक मुलगा. वडिलांच्या एलपी त्याने जपून ठेवल्यात. त्या ऐकायला दोन पेट्या घ्याव्यात, त्यासाठी थोडं कर्ज काढावं, असं त्याच्या मनात आहे. कुणीतरी त्याला सांगितलंय, की एकाच पेटीत ऐकणं म्हणजे त्या रेकॉर्डांचा अपमान. मला हे वाचून वाईट वाटलं. वडिलांची आठवण ऐकायला हप्ते कशाला? 20 चे 40 वॅट केले तर आवाज वाढतो फक्त 3 डेसिबलने, म्हणजे किंचितच. दिवाणखाना मोठा असेल किंवा स्पीकर ताकद मागणारे असतील, तर वेगळ्या पॉवर अ‍ॅम्पला आजही अर्थ आहे. त्याच्या फ्लॅटमधल्या खोलीला फोनोची सोय असलेली एक चांगली पेटी पुरते. उरलेले पैसे स्पीकरवर आणि चांगल्या सुईवर घालावेत. बोथट सुई रेकॉर्ड खराब करते, आणि त्या रेकॉर्डा पुन्हा मिळायच्या नाहीत.

असो. पेटी घेताना मागची बाजू तेवढी बघून घे, असंही त्याला कळवलंय. कड्या असल्या तर उत्तमच.