क्षोभाच्या क्षणाची अक्षरे

वृत्तांचे गण शिकवताना आम्ही आजही ‘यमाताराजभानसलगं’ या सूत्राचा आधार घेतो. या शब्दाला अर्थ असा काही नाही. पण ज्या गणाचे अक्षर घ्यावे त्याच्यापुढची दोन अक्षरे जोडली, की त्या गणाचा लघुगुरुक्रम हाती येतो. या सूत्राला उथळ म्हणण्याचे धाडस मराठीचा कोणताही अध्यापक करणार नाही. मात्र मानसोपचारातील आद्याक्षरी सूत्रे समोर आली, की आपण नाक मुरडतो. राग, भय, निराशा यांसारखे गहन अनुभव तीन-चार अक्षरांत कोंबणे आपल्याला बाजारू वाटते. ही अढी कितपत न्याय्य आहे, हे या सूत्रांचा इतिहास पाहूनच ठरवावे लागेल.

यांपैकी सर्वांत परिचित सूत्र अल्बर्ट एलिस (१९१३–२००७) यांचे. मनोविश्लेषणाचे शिक्षण घेतलेल्या या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने त्या पद्धतीकडे पाठ फिरवून १९५५च्या सुमारास आपली स्वतंत्र उपचारपद्धती मांडण्यास प्रारंभ केला. १९६२ साली त्यांचा ‘रीझन अँड इमोशन इन सायकोथेरपी’ हा ग्रंथ आला. त्यांच्या मांडणीत ‘ए’ म्हणजे घडलेली घटना, ‘बी’ म्हणजे त्या घटनेविषयीची आपली धारणा आणि ‘सी’ म्हणजे भावनिक परिणाम. अपमान झाला म्हणून मी उद्ध्वस्त झालो, असे आपण म्हणतो. म्हणजे ‘ए’वरून थेट ‘सी’वर उडी घेतो. परंतु ही वर्णमाला तोंडपाठ असलेल्या माणसाला मधले अक्षर गाळलेले लगेच खटकते. एलिस यांचा सारा सिद्धान्त या खटकण्यातच आहे. पुढे ‘डी’ म्हणजे त्या धारणेशी केलेला वाद आणि ‘ई’ म्हणजे त्यातून लाभणारी नवी परिणामकारक दृष्टी, अशी भर त्यात पडली. अक्षरांचा क्रम येथे केवळ स्मरणाची सोय राहत नाही, तो युक्तिवादच होतो.

हा विचार आपला एकट्याचा असल्याचा दावा एलिस यांनी केला नाही. स्टोइक तत्त्वज्ञ एपिक्टेटस याचे ऋण त्यांनी मोकळेपणाने मान्य केले. जन्माने गुलाम असलेल्या या तत्त्वज्ञाची शिकवण त्याचा शिष्य अरियन याने लिहून ठेवली आणि तिचे सार ‘एन्किरिडिऑन’ या छोट्या पुस्तकात आणले. या ग्रीक शब्दाचा अर्थ ‘हाताशी असलेले’. विस्तृत प्रवचने उपलब्ध असताना वेगळी हस्तपुस्तिका कशासाठी? कारण संतापलेला माणूस प्रवचन आठवू शकत नाही. त्याला आठवते ते एखादे वाक्य. आणि क्षोभ फारच तीव्र असेल, तर एखादे अक्षर.

हे सत्य मार्शा लिनेहन यांच्या कार्यात अधिक तीव्रतेने दिसते. आत्मघाताच्या उंबरठ्यावर वारंवार जाणाऱ्या स्त्रियांसाठी त्यांनी ‘डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी’ विकसित केली. तिची पाठ्यपुस्तके १९९३ साली प्रसिद्ध झाली. त्यांच्या ‘स्टॉप’ या सूत्रातील चार अक्षरे सांगतात : थांबा, एक पाऊल मागे घ्या, निरीक्षण करा, सजगपणे पुढे जा. येथे अक्षरे जुळून होणारा शब्द स्वतःच पहिली आज्ञा आहे. बाकी तीन विसरली तरी पहिली उरते. १९६१ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, स्वतःला इजा करणारी रुग्ण म्हणून आपण हार्टफर्ड येथील मनोरुग्णालयात दाखल झालो होतो, हे लिनेहन यांनी २०११ साली जाहीरपणे सांगितले. ही सूत्रे करमणुकीसाठी रचलेली नव्हती, याची साक्ष यापेक्षा वेगळी काय हवी?

महाराष्ट्रात एलिस यांचा विचार प्रामुख्याने कि. मो. फडके यांच्या लेखनातून व अध्यापनातून पोहोचला. एलिस यांच्याशी त्यांचा दीर्घ पत्रव्यवहार होता. ‘विवेकनिष्ठ’ हा शब्द मराठीत छान रुजला. अक्षरे मात्र ‘ए-बी-सी’च राहिली. ‘घटना, धारणा, परिणाम’ हा अनुवाद अर्थाने अचूक आहे. पण ‘घ’ आणि ‘प’ यांच्यामध्ये ‘ध’ असलाच पाहिजे, असे आपल्या वर्णमालेत काहीच नाही. अर्थ भाषांतरित होतो, खटकणे होत नाही. ‘स्टॉप’चेही तेच.

मराठीत मनाला शिकवण्याचे काम आद्याक्षरांनी नव्हे, वृत्ताने केले. समर्थ रामदासांचे ‘मनाचे श्लोक’ २०५. सारे भुजंगप्रयातात, म्हणजे चार ‘य’ गणांच्या अखंड चालीत. रामदास आणि एलिस यांचे उद्दिष्ट एक नव्हे : एकाला मन भक्तीकडे वळवायचे आहे, दुसऱ्याला त्याच्याशी वाद घालायचा आहे. त्यामुळे ‘हे आमच्याकडे होतेच’ असे म्हणण्याचा मोह टाळलेला बरा. साम्य आहे ते साधनापुरते. आणि गंमत अशी, की खुद्द एलिस यांनाही अक्षरे पुरली नाहीत. परिचित चालींवर त्यांनी विवेकवादी विनोदी गीते रचली आणि १९७७ साली ‘अ गार्लंड ऑफ रॅशनल साँग्ज’ या नावाने ती प्रसिद्ध केली.

एक इशारा मात्र आवश्यक वाटतो. लिनेहन यांच्या पद्धतीत सूत्रांमागे वैयक्तिक उपचार, गटातील प्रशिक्षण आणि संकटकाळी फोनवरून मार्गदर्शन अशी व्यवस्था असते. त्या व्यवस्थेपासून तोडलेले सूत्र भिंतीवरच्या सुविचारासारखे होते. गणांचे सूत्र घोकून कोणी कवी होत नाही, तसेच ‘स्टॉप’ पाठ करून कोणी शांत होत नाही. पण चाल चुकली कुठे, हे कळण्यासाठी गण पाठ असावे लागतात. वर्गात परीक्षेच्या भीतीने गोठलेला विद्यार्थी समोर असतो, तेव्हा आमचे दीर्घ व्याख्यान त्याच्या कामी येत नाही. त्या वेळी त्याला आठवेल असे एखादे अक्षर आम्ही त्याला दिले आहे का, हा प्रश्न मराठीच्या अध्यापकांनीही स्वतःला विचारायला हवा.