बहिष्कृतांचा कप्तान

फुटबॉलपटू म्हटले की आज आपल्या डोळ्यांपुढे कोट्यवधींचे करार येतात. पण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी इंग्लंडमधल्या अव्वल खेळाडूलाही आठवड्याला चार पौंडांहून जास्त पगार देता येत नसे. १९०१ पासून तसा नियमच होता. करार संपला तरी जुन्या क्लबने मोकळे केल्याशिवाय दुसऱ्या क्लबकडून खेळता येत नसे. मैदान हजारो प्रेक्षकांनी फुलून जाई. घाम गाळणाऱ्याची मजुरी मात्र ठरलेली.

अशा काळात चार्ली रॉबर्ट्स खेळत होता. जन्म १८८३चा, डार्लिंग्टनचा. १९०४ मध्ये तो ग्रिम्सबीहून मँचेस्टर युनायटेडमध्ये आला, तेव्हा हा क्लब दुसऱ्या श्रेणीत होता. रॉबर्ट्स सेंटर-हाफ आणि पुढे कप्तान झाला. त्याच्या नेतृत्वाखाली युनायटेडने १९०८ मध्ये पहिले लीग विजेतेपद आणि १९०९ मध्ये पहिला एफए कप जिंकला.

पण रॉबर्ट्सची खरी कसोटी मैदानाबाहेर लागली. एप्रिल १९०७ मध्ये त्याच्याच क्लबचा थॉमस ब्लॅकस्टॉक राखीव संघाच्या सामन्यात चेंडू डोक्याने मारल्यानंतर कोसळला आणि मरण पावला. मृत्यू नैसर्गिक ठरला. कुटुंबाला भरपाई मिळाली नाही. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मँचेस्टरच्या इम्पीरियल हॉटेलात खेळाडूंची संघटना उभी राहिली. तिच्या पुढाकारात वेल्सचा नामवंत खेळाडू बिली मेरेडिथ होता, आणि रॉबर्ट्सही.

संघटना इतर कामगार संघटनांच्या महासंघाशी हातमिळवणी करू लागली, तेव्हा फुटबॉल असोसिएशनने डोळे वटारले. १९०९च्या उन्हाळ्यात हुकूम सुटला : संघटना सोडा, नाहीतर निलंबन. पोटाचा प्रश्न होता. बहुतेकांनी राजीनामे दिले. त्यांना भित्रे म्हणणे सोपे आहे. पण ज्याच्या घरी आठवड्याच्या पगारावर चूल पेटते, त्यालाच त्या सहीचे वजन कळते.

युनायटेडचे खेळाडू मात्र अडून बसले. पगार थांबला. कप जिंकणाऱ्या संघाला आपल्याच मैदानाची दारे बंद झाली, म्हणून ते फॅलोफिल्डला सराव करू लागले. तिथे एक छायाचित्र निघाले. मधोमध एक पाटी, तिच्यावर लिहिलेले : ‘बहिष्कृत फुटबॉल क्लब, १९०९’. आपल्याकडे या शब्दामागे पिढ्यान् पिढ्यांचे दुःख आहे. त्याच्याशी या खेळाडूंच्या हालांची बरोबरी करू नये. पण दुसऱ्याने मारलेला शिक्का स्वतःच हातात धरून ताठ मानेने बसणे, हे कळायला भाषांतर लागत नाही.

नवा हंगाम तोंडावर आला आणि ऑगस्टअखेर असोसिएशन नमली. संघटनेला मान्यता मिळाली, निलंबन उठले. मात्र कामगार महासंघाशी नाते जोडता आले नाही आणि पगाराची मर्यादाही उठली नाही. लढाई निम्मीच जिंकली होती.

रॉबर्ट्स १९११ मध्ये पुन्हा लीग जिंकला, १९१३ मध्ये ओल्डहॅमला गेला. १९०५ मधल्या तीन सामन्यांनंतर इंग्लंडने मात्र त्याला परत बोलावले नाही. संघटनेचे काम त्याला भोवले, असे पुष्कळजण मानतात. पुढे त्याने मँचेस्टरमध्ये तंबाखूचा व्यापार केला आणि १९३९ मध्ये तो गेला.

कमाल पगाराचा नियम रद्द झाला १९६१ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर बावीस वर्षांनी. त्याने लावायला मदत केलेली संघटना मात्र नाव बदलून आजही उभी आहे. झाड लावणाऱ्याला सावली मिळतेच असे नाही.