फेसलिफ्टनंतरचे व्रण

फेसलिफ्टमध्ये चेहऱ्याची सैल त्वचा व तिच्याखालचे थर ताणून बसवतात. छेद केसांत, कानापुढील घडीत व कानामागे घेतात. व्रण राहतोच, तो फक्त लपवायचा असतो. ताण खोल थरांवर न देता त्वचेवर दिला, तर व्रण रुंदावतो, कानाची पाळी खाली ओढली जाते. धूम्रपानाने रक्तपुरवठा घटून कानामागची त्वचा मरू शकते.

व्रण पक्व व्हायला सुमारे वर्ष लागते. तोवर लाली पाहून घाबरू नये, दुरुस्तीची घाईही करू नये. सिलिकॉनची जेल किंवा पट्टी, हलका मसाज आणि उन्हापासून बचाव, हे पहिले उपाय. जाड किंवा खाज सुटणाऱ्या व्रणात ट्रायअ‍ॅम्सिनोलोन या स्टेरॉइडची इंजेक्शने देतात. सावळ्या त्वचेत केलॉइड (जखमेच्या कडांपलीकडे वाढणारा व्रण) व काळे डाग यांचा धोका अधिक, म्हणून लेझर जपून वापरावे लागते. केलॉइड नुसते कापले, तर बहुधा पुन्हा वाढते.

महाराष्ट्रात चेहऱ्याच्या शस्त्रक्रियेचा व तिच्या व्रणाचा विचार जुना आहे. टिपू सुलतानाच्या कैदेत नाक कापले गेलेल्या कावसजी नावाच्या माणसाला पुण्याजवळ वीट भाजणाऱ्या जातीतील एका शल्यकाराने कपाळाच्या त्वचेचे नाक बसवले. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ने ऑक्टोबर १७९४ मध्ये ही हकिकत छापली आणि कपाळावरचा व्रण काळाने फारसा दिसत नाही, असेही नोंदवले. त्या कुशल शल्यकाराचे नाव मात्र त्यात नाही, याची खंत वाटते. विसाव्या शतकात मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात प्लास्टिक सर्जन नोशीर अंतिया यांनी कुष्ठरोगाने विद्रूप झालेले चेहरे शस्त्रक्रियेने सुधारले.